साफ केलेलं अक्षर

काकांनी पाटी आधी डोळ्यांजवळ नेली, मग हातभर लांब धरली, मग काउंटरवर पालथी घालून पुन्हा उलटली, मागच्या बाजूला काही राहून गेलंय की काय अशा थाटात. फिकट लाकडावरची तपकिरी अक्षरं अजून ताजी होती. दुकानभर जळक्या लाकडाचा गोडसर वास रेंगाळत होता. पाटीवर लिहिलं होतं: 'गॅस बंद केलाय. परत परत बघू नका.'

"काम सुरेख झालंय," काका म्हणाले. "पण हे तिचं अक्षर नाही."

काउंटरच्या आतल्या बाजूला ठिपकी उभी होती. चाळिशी उलटलेल्या बाईला शोभेल असं हे नाव नव्हे. पण लहानपणी वडिलांची कोरणी घेऊन ती हाती लागेल त्या पितळेच्या तुकड्यावर ठिपके पाडत बसायची, तेव्हा जे चिकटलं ते काही सुटलं नाही. लेझरने कोरून देण्याचं हे दुकान आता तीच चालवत होती आणि आजवर तिच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. ती जराशी दुखावूनच म्हणाली की अहो, कागद तुमच्या डोळ्यांसमोरच तर स्कॅन केला, मग अक्षर दुसऱ्या कुणाचं कसं असेल?

काकांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, त्यातून घडी घातलेला एक अरुंद कागद काढला आणि पाटीशेजारी अलगद उलगडून ठेवला.

"तिचा हात थरथरायचा," ते म्हणाले. "तुम्ही तो बरा केलात."

रागाने म्हणाले असते तर एक वेळ परवडलं असतं, असं ठिपकीला वाटलं.

काकांची सगळी हयात एका कारखान्यात बॉयलरपाशी गेली होती. दर तासाला झडपा तपासायच्या, काट्यांवर नजर ठेवायची, आणि घरी निघताना पुन्हा एकदा माघारी जाऊन सगळं बघायचं. नोकरी सुटली, पण सवय मागे लागून घरापर्यंत आली. जेवताना उठून गॅस बघ, चपला घातल्यावर पुन्हा आत येऊन गॅस बघ, असं चालायचं आणि बायको डोक्याला हात लावायची. पुढे तिच्या हाताला कंप सुटला. अक्षर वेडंवाकडं येतं म्हणून तिने लिहिणंच सोडून दिलं, अगदीच अडलेल्या सहीखेरीज दोन वर्षं पेनाला शिवली नाही. आणि एक दिवस काका औषधं आणायला बाहेर गेले असताना तिने नातीचा हिरवा स्केचपेन घेतला, ड्रॉवरमधलं एक जुनं बिल घेतलं, ज्याच्यावरचे छापील आकडे केव्हाच उडून गेले होते, आणि त्या कोऱ्या झालेल्या कागदावर ही दोन वाक्यं लिहून शेगडीवरच्या भिंतीला चिकटवली. पुढे तीन आठवड्यांत ती गेली. कागद वाफेने खराब होईल म्हणून काकांना ते लाकडावर हवं होतं, त्याच जागी लावायला.

आता पाटी आणि कागद शेजारी शेजारी होते, आणि चूक आंधळ्यालाही दिसावी इतकी ढळढळीत होती. कागदावर शिरोरेषा पाण्यावरच्या सावलीसारखी हलत होती. 'बंद'वरचा अनुस्वार अक्षर सोडून कुठल्या कुठे जाऊन पडला होता. पाटीवर मात्र सगळं शहाण्यासारखं जागच्या जागी होतं.

ठिपकीने हे मुद्दाम केलं नव्हतं, हीच तर गंमत. यंत्रात घालण्याआधी प्रत्येक रेषा साफ करावी लागते. स्कॅनर काय, कागदाच्या घड्या, धुळीचे कण, सगळंच उचलतो. रेषा खरबरीत राहिली की यंत्राचं मुंडकं अडखळतं आणि अडखळेल तिथे लाकूड जास्त जळतं. म्हणून तांदळातले खडे निवडावेत तशी ती रेषेतले खडे निवडायची, आणि निवडलेलं तेवढं ठेवून मूळ पुसून टाकायची. गावात तिच्या साफ रेषेची ख्याती होती. त्या सवयीच्या हातांनी तिने एका बाईचा सगळा कंप निवडून टाकला होता, आणि तो खडा नव्हता हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

तिने माफी मागितली. नवी पाटी उद्या दुपारी तयार ठेवते म्हणाली, फक्त कागद आजच्या दिवस ठेवून जा. काका घुटमळले. मग त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

"दोन वर्षांतलं तिचं एवढंच आहे," ते म्हणाले.

डोळ्यांत तेल घालून सांभाळीन, असं ठिपकीने त्यांना सांगितलं. दारापर्यंत गेलेले काका अर्थातच एकदा परत आले, कागद जागेवर आहे ना ते बघितलं, आणि मग गेले.

हे सगळं खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा ऐकत होते. बाबा म्हणजे ठिपकीचे वडील. पन्नास वर्षं त्यांनी हाताने कोरलं होतं. घड्याळांच्या पाठी, पितळी पाट्या, शाळांचे चषक, अंगठ्यांच्या आतली नखाएवढी नावं. हिवाळा असो की उन्हाळा, गेली दोन वर्षं ते अंगात स्वेटर घालून बसत, कारण स्वेटरला खिसे होते आणि खिशात हात ठेवता येत. त्या हातांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असं बापलेकीत काही न बोलताच ठरून गेलं होतं. सकाळी ती त्यांच्या मनगटाची बटणं लावून द्यायची आणि त्या वेळी हटकून पावसापाण्याच्या गप्पा काढायची. कुरिअरवाला सही मागायला आला की बाबांच्या आधी तीच पुढे व्हायची. त्यांचा हात बाहेर आला की ती नजर दुसरीकडे वळवायची. ही माया आहे अशी तिची समजूत होती.

यंत्र आणलं तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा रुसून बसेल. उलट बाबा त्याच्या प्रेमातच पडले. त्याची जन्मकथा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगत. म्हणे, पहिल्यांदा हा उजेड निघाला तो कारखान्यात घडवलेल्या माणकाच्या एका कांडीतून, बोटाच्या पेराएवढ्या. आणि मजा बघा, तो घेऊन नेमकं करायचं काय हे पुष्कळांना सांगता येईना. मग कुणाला तरी सुचलं की याने हिऱ्याला भोक पाडता येईल. ज्या हिऱ्यातून तारा ओढून बारीक करतात, त्याला भोक पाडायला आधी दिवसच्या दिवस लागायचे, ते काम काही मिनिटांवर आलं. आपलं हे यंत्र त्याच घराण्यातलं, धाकटं. काचेच्या नळीतल्या वायूत उजेड दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालून घालून जोर धरतो, बाहेर पडतो, वळणावळणाने भिंगापर्यंत येतो आणि केसाएवढा होऊन लाकडावर उतरतो. डोळ्याला तो दिसतही नाही. जिथे उतरेल तिथलं लाकूड कापलं जात नाही, ते धूर होऊन निघून जातं. इथवर आले की बाबांचा आवाज खाली यायचा. हत्यार टेकतच नाही कुठे, ते म्हणायचे, आणि बराच वेळ यंत्राच्या काचेतून आत बघत राहायचे.

त्या दुपारी रस्ता सुस्त पडला होता. समोरचा स्टेशनरीवाला अर्धं शटर ओढून पेंगत होता. खिडकीतून आलेल्या उन्हात लाकडाचा धूर इतका सावकाश फिरत होता की घड्याळही त्याच्याच चालीने चाललंय असं वाटावं. ठिपकीने नवी पाटी यंत्रात ठेवली, तिच्यावर काकांचा कागद ठेवला. आपण मूळ अक्षरापासून किती लांब गेलो ते तिला बघायचं होतं. तिने आधीचंच साफ केलेलं अक्षर संगणकावर उघडलं आणि ते कागदावर चालवून बघायला घेतलं.

याला त्यांच्या दुकानात 'चाल बघणं' म्हणत. खरं काम करण्याआधी वर एक कागद ठेवायचा, उजेडाचा जोर नसल्यासारखा कमी करायचा आणि यंत्र एकदा चालवायचं. कागदावर डागही पडत नाही. वाट दाखवायला एक लाल ठिपका असतो, तो तेवढा अक्षरांच्या वाटेने फिरून येतो, आणि कुठे काय उमटणार ते कळतं. ठिपकीने हजारदा तरी चाल बघितली असेल.

पण ते हजार कागद साधे होते. हा बिलाचा होता. बिलाच्या कागदावर शाई नसतेच. त्याला नुसती ऊब लागली की तो काळा होतो, अक्षरं उमटतात ती तशीच.

लाल ठिपका 'गॅस'वरून गेला आणि त्याच्या मागे एक काळी रेघ राहिली. ठिपकीला आधी वाटलं, सावली आहे. ती बघत राहिली. उन्हाची गुंगी म्हणा, त्या ठिपक्याच्या चालण्याला झोपाळ्यासारखी लय होती म्हणा, ती नुसती बघत राहिली. हिरव्या थरथरत्या अक्षरांवरून तिचीच नीटस काळी अक्षरं, काना, मात्रा, अनुस्वारासकट, शांतपणे पुढे निघाली होती. 'परत परत बघू'ही ओलांडून झाल्यावर कुठे तिने लाल बटणावर तळहात मारला. यंत्र थांबलं. कागदावर एकच शब्द हिरवा उरला होता, शेवटचा, 'नका'.

तिने झाकण उघडलं, पण कागदाला हात लावायचा तिला धीर होईना. ती स्टुलावर बसली. बाबा उठून आले. त्यांनी वाकून बघितलं, एवढंच. त्यांनी रागवायला हवं होतं, निदान 'अगं' तरी म्हणायला हवं होतं.

पुढचा तासभर ती संगणकाशी झगडली. काळं बाजूला काढून खालचं हिरवं वाचवता येतं का ते बघत राहिली. हाती आलं ते नुसतं भुसकट. शेवटी ती म्हणाली की उद्या काका येतील तेव्हा सगळं सांगून टाकणार, दुसरं काय. पाटीचं काम राहिलंच.

बाबांनी तोवर कागद खिडकीत नेला होता आणि डोळ्याला भिंग लावलं होतं. काळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी जागोजागी हिरवं डोकावत होतं. कंप जिथे मोठा होता तिथे रेघ त्याला झाकायला पुरली नव्हती. बाबा ते कितीतरी वेळ बघत होते, मग 'नका' बघत होते, मग पुन्हा मागे जात होते.

"एक हिरवा स्केचपेन आणतेस का समोरून?" ते म्हणाले.

ठिपकी रस्ता ओलांडून गेली. स्टेशनरीवाल्याला उठवून ती पेन घेऊन आली. बाबांनी बिलावर पारदर्शक कागद अंथरला आणि स्वेटरच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला. ती सवयीने संगणकाकडे वळली.

पहिली ओळ काही जमली नाही. पेन टेकताच पन्नास वर्षांचा कारागीर जागा झाला. श्वास आपोआप थांबला, कोपर टेबलाला घट्ट लागलं, आणि उतरली ती दात-ओठ खाऊन सरळ ठेवलेली, मध्येच तडकलेली रेघ. त्यांनी कागद बदलला. दुसऱ्या वेळी मुद्दाम हलवायला गेले तर त्याहून वाईट, नाटकातल्या म्हाताऱ्यासारखं.

"मी लपवतोय," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "त्या बाईला कुणापासून लपवायचं होतं? घरात कुणी नव्हतंच."

मग त्यांनी विचारलं की ती कुठे लिहायला बसली असेल. बसली कशाला असेल, ठिपकी म्हणाली, ओट्याशी उभ्यानेच लिहिलं असेल. ते त्यांना पटलं. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले, पारदर्शक कागद बाजूला केला आणि नुसता कोरा कागद ओढला.

"इकडे बघ," ते म्हणाले. "कागद हलतोय. धर."

ठिपकीने कागदाच्या दोन्ही कडा धरल्या. आता नजर वळवायला जागाच नव्हती. हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. करंगळी आधी थरथरायची, मग तो कंप अंगठ्याकडे सरकायचा, उभी रेघ ओढताना कमी व्हायचा आणि शिरोरेषेवर आला की पुन्हा वाढायचा. दोन वर्षं तिने हे बघितलंच नव्हतं. बाबांनी कोपर टेकलं नाही, श्वास रोखला नाही. घरातल्या माणसासाठी निरोप लिहावा तसं त्यांनी एका दमात लिहून टाकलं. अनुस्वार द्यायला गेले तेव्हा हात उडाला आणि ठिपका भलतीकडेच पडला. तो त्यांनी तसाच राहू दिला. ठिपकीचे डोळे भरून आले, आणि या वेळी ते लपवायचं तिला सुचलं नाही.

तिने तो कागद स्कॅन केला. रेषा साफ करायच्या बटणाकडे तिचं बोट सवयीने गेलं आणि परत आलं. यंत्र सुरू झालं. अडखळेल, धडपडेल असं तिला वाटलं होतं, पण त्याला कसली तक्रार नव्हती. त्या मुंडक्याने प्रत्येक कंप जसाच्या तसा घेतला, इकडे केसभर, तिकडे केसभर, घाई नाही की चुकवणं नाही. मध्ये मध्ये लाकूड जरा जास्त जळलं तेही तिने राहू दिलं. बापलेक काचेशी डोकी लावून बघत होते. बाहेर ऊन उतरायला लागलं तरी दोघंही तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका आले, दारात चपला नीट लावल्या की नाही ते वाकून बघितलं आणि काउंटरपाशी उभे राहिले. ठिपकीने पाटीचं नावही न काढता आधी काळा झालेला कागद त्यांच्यासमोर ठेवला. काय केलं, कसं झालं, सगळं सांगितलं. माझ्या हातून गेलं, ती म्हणाली.

काका कागदावर वाकले. त्यांनी काळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, शेवटच्या हिरव्या शब्दापाशी नेऊन थांबवलं. मग कागदाची जुनीच घडी जुळवली, तो चष्म्याच्या घरात ठेवला आणि घर खिशात टाकलं. त्यांचा चेहरा अचानक खूप थकलेला दिसला. ते जायलाच निघाले होते तेवढ्यात आतून बाबा पाटी घेऊन आले.

त्यांनी स्वेटर घातला नव्हता. दोन्ही हातांत पाटी होती आणि ती काउंटरच्या काचेला लागून किणकिणत होती. आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. बाबांनी पाटी खाली ठेवली नाही आणि हातही मागे घेतले नाहीत.

"हे मी लिहिलंय," बाबा म्हणाले. "तुमच्या घरचं अक्षर नाही. जेवढं दिसलं त्यावरून काढलं. नको असेल तर तसं सांगा."

काका पाटीकडे बघत होते. शिरोरेषा बघितली, दूर जाऊन पडलेला अनुस्वार बघितला. आणि मग पाटी सोडून ते बाबांच्या हाताकडे बघायला लागले. ठिपकीच्या मनात आलं, आपण काहीतरी बोलावं, पावसापाण्याचं काढावं. ती बोलली नाही.

काकांनी डाव्या हाताने पाटीची दुसरी कड धरली. उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी बाबांच्या मनगटाखाली लावली, कुठे, किती, काहीच शोधावं न लागता. किणकिण थांबली.

"इथे धरायचो मी," काका म्हणाले. "इथे धरलं की तिला सही करता यायची." मग म्हणाले, "त्या दिवशी मी घरी नव्हतो. तिने एकटीने लिहिलं."

बाबांनी मान हलवली.

ठिपकीने पाटी बांधायला कागद काढला, दोरा काढला, कात्री शोधली. पण पाटी अजून त्या दोघांच्या हातांत होती, तेव्हा ती कात्री बाजूला ठेवून थांबली.